अनुमस्तिष्क : देहाचा ताळमेळ राखणारा लहान मेंदू

आमचा वार्षिक अहवाल देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त अशा तिन्ही सुहृदांच्या हाती जातो. त्यात ताळेबंद आणि कार्यवृत्तान्त असतोच. त्याबरोबर शरीरशास्त्रातील एखाद्या विषयाची सुबोध ओळख करून देणारा लेखही असावा, अशी आमची धारणा आहे. रुग्णालयाची वास्तू आणि यंत्रसामग्री देणग्यांतून उभी राहते; परंतु रुग्ण वेळेवर दाराशी पोहोचतो तो घरच्या माणसांच्या जाणतेपणामुळे. यंदा या लेखासाठी आम्ही अनुमस्तिष्काची, म्हणजेच लहान मेंदूची निवड केली आहे.

आम्ही प्रशासन विभागातील माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि आमचा दिवस पावत्या, जमाखर्च व लेखापरीक्षण यांत जातो. वैद्यकातील बारकावे आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतो आणि साध्या भाषेत मांडतो. तरीही हा विषय आम्हांस परका वाटला नाही. आमच्या कामात ‘ताळमेळ’ हा शब्द रोज येतो. वहीतील शिल्लक आणि बँकेतील शिल्लक यांची तुलना करणे, तफावत शोधणे आणि ती दुरुस्त करणे, यास आम्ही ताळमेळ घालणे म्हणतो. अनुमस्तिष्काचे कार्य थोडक्यात सांगावयाचे झाल्यास याहून समर्पक शब्द सापडणार नाही.

स्थान आणि बाह्य रचना

मानेच्या मागील बाजूने बोटे वर नेली असता जेथे कवटीचे हाड लागते, त्याच्या किंचित वर, कवटीच्या आत अनुमस्तिष्क असते. मोठ्या मेंदूच्या मागील भागाखाली ते वसलेले असून दोहोंमध्ये तंबूच्या कापडासारखा ताणलेला एक पडदा असतो. पुढच्या बाजूस मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा देठ आहे. श्वसन, हृदयाची गती आणि शुद्ध यांची केंद्रे या देठात असतात. देठ आणि अनुमस्तिष्क यांच्यामध्ये एक लहानशी पोकळी असून तिच्यातून मेंदूभोवतीचा द्रव वाहतो. ही शेजाराची मांडणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध जीवनमरणाशी येणार आहे.

प्रौढ माणसाच्या संपूर्ण मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. त्यात अनुमस्तिष्काचा वाटा अवघा दशांश, म्हणजे साधारणतः १३० ते १५० ग्रॅम इतकाच. त्याचे डावा आणि उजवा असे दोन गोलार्ध असून त्यांच्यामध्ये कृमीसारखा दिसणारा एक अरुंद पट्टा असतो. मधला पट्टा मुख्यतः धड, उभे राहणे आणि चालणे सांभाळतो. दोन्ही बाजूंचे गोलार्ध हातापायांच्या कौशल्याच्या हालचाली पाहतात. सर्वांत खालचा, आकाराने लहान असा एक भाग कानातील तोलेंद्रियाशी जोडलेला असून तो तोल आणि डोळ्यांची स्थिरता राखतो.

मोठ्या मेंदूच्या घड्या जाड आणि वळणदार असतात. अनुमस्तिष्काच्या घड्या मात्र अतिशय बारीक व समांतर, एखाद्या जुन्या पोथीची पाने एकावर एक रचावीत तशा दिसतात. मधोमध छेद घेतल्यास आतील पांढऱ्या तंतूंच्या फांद्या झाडासारख्या पसरलेल्या दिसतात. म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी या आकृतीस ‘जीवनवृक्ष’ असे नाव दिले. या घड्या उलगडून सपाट पसरल्या तर किती जागा व्यापतील, याचे मोजमाप २०२० साली प्रसिद्ध झाले. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ ८० टक्के इतका पृष्ठभाग या दशांश वजनाच्या अवयवात सामावलेला आहे.

अनुमस्तिष्क मेंदूच्या देठास दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन जाड तंतुजुडग्यांनी जोडलेले असते. त्याची सर्व आवकजावक या मार्गांनीच होते, आणि आत येणारे तंतू बाहेर जाणाऱ्या तंतूंपेक्षा कितीतरी अधिक असतात. रक्तपुरवठा तीन जोड्यांच्या धमन्यांतून होतो. त्या मानेच्या मणक्यांमधून वर चढणाऱ्या रक्तवाहिन्यांपासून व त्या एकत्र होऊन बनणाऱ्या मुख्य धमनीपासून निघतात.

पेशींची मांडणी

२००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी मानवी मेंदूतील चेतापेशींची गणती प्रसिद्ध केली. त्यानुसार एकूण सुमारे ८,६०० कोटी पेशींपैकी ६,९०० कोटी पेशी एकट्या अनुमस्तिष्कात आहेत. वजन दशांश आणि पेशी मात्र पाचांतील चार, असा हा हिशेब आहे. यांतील बहुतेक सर्व पेशी अत्यंत सूक्ष्म असून त्यांना कणिका पेशी म्हणतात.

अनुमस्तिष्काच्या बाह्य आवरणात तीन थर असतात. आतल्या थरात कणिका पेशी दाटीवाटीने असतात. मधल्या थरात एकेरी रांगेत मोठ्या पेशी दिसतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी १८३७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पुर्किंजे पेशीच्या फांद्या वरच्या थरात पसरतात. त्या एखाद्या भिंतीवर चढविलेल्या वेलीप्रमाणे एकाच प्रतलात सपाट असतात. कणिका पेशींचे तंतू या फांद्यांना काटकोनात छेदून जातात. अशा रीतीने एकेका पुर्किंजे पेशीकडे एक लाखाहून अधिक तंतूंमार्फत वार्ता पोहोचते. शरीर या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे आणि मोठ्या मेंदूने कोणता हुकूम सोडला आहे, याची ती वार्ता असते.

याखेरीज प्रत्येक पुर्किंजे पेशीला वेलीसारखा बिलगलेला एक स्वतंत्र तंतू असतो. तो देठातील एका ठरावीक केंद्राकडून येतो. लाख तंतूंची वार्ता एकीकडे आणि या एकट्या तंतूचा इशारा दुसरीकडे, अशी ही रचना आहे. ठरविले एक आणि घडले दुसरे, असा प्रसंग आला की हा तंतू इशारा देतो, आणि त्यानुसार पेशी आपल्या जोडण्यांचे बळ कमीअधिक करते, असे प्रतिपादन इंग्लंडमधील डेव्हिड मार यांनी १९६९ साली आणि अमेरिकेतील जेम्स अल्बस यांनी १९७१ साली केले. जपानी शास्त्रज्ञ मासाओ इतो यांच्या प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली. तपशिलांबाबत विद्वानांत मतभेद असले तरी अनुमस्तिष्क चुकीतून शिकते, हा मूळ विचार आज सर्वमान्य आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. अनुमस्तिष्काच्या आवरणातून बाहेर पडणारा संदेश केवळ पुर्किंजे पेशींमार्फत जातो, आणि तो नेहमी आवरण्याचा असतो, चेतविण्याचा कधीच नसतो. खाली असलेली केंद्रे हालचालीस चालना देत असतात. पुर्किंजे पेशी त्यांस ‘येथे कमी’, ‘येथे थांब’ एवढेच सांगत असतात. ओबडधोबड लाकडातून नको तो भाग तासून सुतार घाट काढतो, त्याप्रमाणे आवरता आवरता हालचालीला डौल येतो.

कार्य : हुकूम आणि अंमलबजावणी यांचा मेळ

हात उचलावा असा हुकूम मोठा मेंदू देतो. तो हुकूम मज्जारज्जूमार्फत स्नायूंकडे जातो आणि त्याची एक प्रत अनुमस्तिष्काकडेही येते. दुसरीकडून स्नायू, सांधे, डोळे आणि कानातील तोलेंद्रिय यांच्याकडून प्रत्यक्ष स्थितीचा अहवाल येतो. अनुमस्तिष्क दोन्ही कागद समोर ठेवते. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना आम्ही वर्षअखेरीस करतो. हा अवयव ती तुलना सेकंदाच्या अंशात, अखंड करीत असतो. तफावत दिसताच दुरुस्ती कळवितो, आणि पुढच्या वेळी तफावत पडूच नये म्हणून अंदाजही सुधारून ठेवतो.

याचा प्रत्यय घरबसल्या घेता येतो. हे पान हातभर अंतरावर स्थिर धरून वाचावे आणि वाचताना मान जलद डावीउजवीकडे हलवावी. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवावे. अक्षरे पुसट होतात. मान हलली की कानातील तोलेंद्रिय तत्काळ वर्दी देते आणि डोळे नेमके तितकेच उलट दिशेने फिरतात. हे माप अचूक राखण्याचे काम अनुमस्तिष्काचे. नवा चष्मा लावल्यावर पहिले दोन दिवस जमीन वरखाली झाल्यासारखी वाटते आणि नंतर सारे सुरळीत होते. चष्मा तोच असतो, बदललेले असते ते मेंदूने राखलेले माप.

स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, याचेही कारण येथेच सापडते. आपल्या बोटांचा स्पर्श केव्हा आणि कोठे होणार याचा अंदाज अनुमस्तिष्काने आधीच बांधलेला असतो. १९९८ साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात, मेंदूचे चित्रण करून, या घटनेतील अनुमस्तिष्काचा सहभाग दाखविण्यात आला.

पोळी लाटताना दोन्ही हातांचा दाब सारखा ठेवणे, सुईत दोरा ओवणे, अंधारात जिन्याच्या पायऱ्या उतरणे, तबल्यावर द्रुत लयीत बोल वाजविणे, यांतील एकाही कृतीत आपण स्नायूंना वेगळी सूचना देत नाही. सराव झाला की कृती हातात बसते, असे आपण म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने ती बऱ्याच अंशी अनुमस्तिष्कात बसलेली असते.

हे ज्ञान कसे मिळाले

इटलीतील रोलांदो यांनी १८०९ साली, अनुमस्तिष्क हे हालचालीची शक्ती निर्माण करणारे यंत्र असावे, असे मत मांडले होते. फ्रान्समधील फ्लुरांस यांनी १८२४ साली कबुतरांवरील प्रयोग प्रसिद्ध करून वेगळा निष्कर्ष काढला. अनुमस्तिष्काचे थर काढलेल्या कबुतरास दिसत होते, ऐकू येत होते, उडण्याची इच्छाही होती. परंतु पंख व पाय यांच्या हालचालींत मेळ राहिला नव्हता. बळ शिल्लक होते, सुसूत्रता गेली होती.

माणसाच्या बाबतीत ही गोष्ट स्पष्ट झाली ती पहिल्या महायुद्धात. आयर्लंडमध्ये जन्मलेले चेतारोगतज्ज्ञ गॉर्डन होम्स ब्रिटिश सैन्याच्या सेवेत फ्रान्समध्ये होते. डोक्याच्या मागील बाजूस गोळी लागलेले सैनिक त्यांच्याकडे येत. रणभूमीजवळच्या रुग्णालयातील कष्टप्रद परिस्थितीत त्यांनी एकेका जखमी सैनिकाची बारकाईने तपासणी केली आणि १९१७ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. या सैनिकांचे हातपाय लुळे पडले नव्हते. पण जखमेच्या बाजूचा हात उशिरा हलू लागे, वस्तूच्या पुढे जाई किंवा अलीकडेच थांबे, आणि लक्ष्याजवळ पोहोचताना अधिकच कापे. तळहात पालथा-सुलटा करावयास सांगितला असता लय बिघडे. सांधे सैल पडलेले असत.

येथे एक वैशिष्ट्य नमूद करणे आवश्यक आहे. मोठ्या मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली तर शरीराची उजवी बाजू दुबळी होते. अनुमस्तिष्काच्या डाव्या भागास इजा झाली तर डावीच बाजू बिघडते. येणारे-जाणारे मार्ग दोनदा एकमेकांस ओलांडत असल्यामुळे असे घडते.

होम्स यांनी १९३९ साली लिहिलेल्या निबंधात एका रुग्णाचा अनुभव नोंदविला आहे. त्याच्या अनुमस्तिष्काच्या उजव्या भागास इजा झाली होती. डाव्या हाताच्या हालचाली आपसूक होतात, परंतु उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, अशा आशयाचे तो सांगत असे. आम्हांस हे निवेदन अत्यंत मोलाचे वाटते. चालावे कसे, बोलावे कसे, घास तोंडाशी न्यावा कसा याचा विचार करण्यापासून निरोगी माणसास अनुमस्तिष्काने मोकळे केलेले असते. ते आजारी पडले की पाण्याचा पेला उचलणेसुद्धा मनाला थकविणारे काम होऊन बसते. असा रुग्ण सकाळीच दमलेला दिसला तर तो आळस नव्हे, हे घरच्यांनी जाणावे.

हालचालीपलीकडे

अनुमस्तिष्काचे काम केवळ तोल व हालचाल एवढेच, ही समजूत दीर्घकाळ टिकून होती. १९९८ साली अमेरिकेतील श्माहमान आणि शर्मन यांनी दाखवून दिले, की या अवयवाच्या काही आजारांत कामाचे नियोजन, योग्य शब्द सुचणे, अंतराळाची जाण आणि भावनांवरील आवर यांतही बिघाड होतो. त्यामुळे पूर्वी शांत असलेला रुग्ण उतावीळ किंवा निर्विकार झाल्यास तो स्वभावदोष न मानता डॉक्टरांच्या कानावर घालावा.

दुसरीकडे, मेंदूच्या जुळवून घेण्याच्या सामर्थ्याचेही एक विलक्षण उदाहरण उपलब्ध आहे. चीनमधील २४ वर्षांच्या एका महिलेस जन्मतःच अनुमस्तिष्क नसल्याचे तपासणीत आढळले. तिचा वृत्तान्त २०१४ साली प्रसिद्ध झाला. ती सहाव्या वर्षापर्यंत स्पष्ट बोलू शकली नव्हती आणि आधाराविना चालू लागली ती सातव्या वर्षी. चालणे थोडे अस्थिर होते. तरीही ती विवाहित होती आणि तिला एक मुलगी होती. जन्मापासूनची उणीव आणि प्रौढ वयात अकस्मात झालेली इजा यांची तुलना करता येत नाही, हे खरे. तथापि मेंदू इतर वाटा शोधतो, हा दिलासा त्यातून निश्चित मिळतो.

बिघाड कसा ओळखावा

अनुमस्तिष्काच्या बिघाडाची मुख्य लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. पाय फाकवून, झोकांड्या खात चालणे. वळताना एका बाजूस कलणे. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून सरळ रेषेत चालता न येणे.
२. बोट नाकाला किंवा समोरच्याच्या बोटाला लावताना नेम चुकणे, आणि जवळ पोहोचताना थरथर वाढणे.
३. तळहात भराभर पालथा-सुलटा करता न येणे.
४. बोलणे अडखळत, तुटक आणि प्रत्येक अक्षरावर सारखाच आघात देत होणे.
५. डोळ्यांची बुबुळे आपोआप हिसके खाणे, एकाची दोन दिसणे.
६. अक्षर बिघडणे, बटण लावणे किंवा केस विंचरणे अवघड होणे.

ही यादी वाचताना मद्यपान केलेल्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि तो योगायोग नव्हे. मद्याचा अंमल ज्या अवयवांवर चटकन होतो, त्यांत अनुमस्तिष्क प्रमुख आहे. या साधर्म्याचा परिणाम मात्र क्रूर असतो. रेल्वे फलाटावर किंवा बसस्थानकावर झोकांड्या खाणाऱ्या, शब्द जड झालेल्या माणसाकडे लोक तिरस्काराने पाहतात आणि दूर होतात. तो मनुष्य आजारी असू शकतो. त्याच्या तोंडास दारूचा वास येत असला तरीही तो आजारी असू शकतो; मद्य घेतलेल्या माणसास पक्षाघात होत नाही, असा काही नियम नाही.

वेळेचे मोल

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर हा आहे. मेंदूची रक्तवाहिनी अकस्मात बंद होणे किंवा फुटणे यास आपण पक्षाघात म्हणतो. बोलीत अर्धांगवायू हा शब्द रूढ आहे. दोन्ही शब्दांनी आपल्या मनात एक चित्र ठसविले आहे : तोंड वाकडे, एक हात आणि एक पाय निर्जीव. अनुमस्तिष्कातील पक्षाघातात यांतले काहीही दिसत नाही, असे अनेकदा घडते. हाताची पकड घट्ट असते, चेहरा सरळ असतो. असते ती अकस्मात आलेली भोवळ, ओकाऱ्या, डोक्याच्या मागील बाजूस दुखणे आणि उभे राहता न येणे. घरी याचा अर्थ पित्त वाढले, रक्तदाब खाली गेला किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास बळावला, असा लावला जातो. लिंबू-सरबत देऊन रुग्णास झोपविले जाते, आणि मोलाचे तास निघून जातात.

प्रत्येक भोवळ पक्षाघाताची नसते. बहुतेक वेळा तिचे मूळ कानातील तोलेंद्रियात असते आणि ती धोक्याची नसते. परंतु भोवळ अकस्मात आली आणि तिच्याबरोबर आधाराविना बसता किंवा चालता येईनासे झाले, बोलणे जड झाले, एकाची दोन दिसू लागली, गिळताना ठसका लागू लागला, अथवा डोके असह्य दुखू लागले, तर घरी थांबू नये. वय अधिक असेल, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा तंबाखूची सवय असेल, तर विशेष दक्षता घ्यावी.

त्वरा कशासाठी, याची दोन कारणे आहेत. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळविण्याचे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. दुसरे कारण आरंभी सांगितलेल्या शेजाराच्या मांडणीत आहे. इजा झालेले अनुमस्तिष्क पुढील काही दिवसांत सुजते. कवटीचा तो कप्पा अतिशय अरुंद असल्याने सूज पुढे सरकते. द्रव वाहून नेणारी पोकळी दाबली जाते, मेंदूत पाणी साठते आणि देठातील श्वसनकेंद्रावर दाब येतो. पहिल्या दिवशी गप्पा मारणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो, तो यामुळे. अशा वेळी साठलेल्या द्रवास वाट करून देणे किंवा मागील बाजूचे हाड काढून सुजेला जागा करून देणे, या शस्त्रक्रियांनी प्राण वाचतात. मोठा मेंदू सुरक्षित असल्याने यातून वाचलेल्या अनेक रुग्णांना पुन्हा स्वावलंबी जीवन जगता येते. म्हणूनच, रुग्ण बरा दिसत असतानाही डॉक्टर त्यास निरीक्षणाखाली ठेवण्याचा आग्रह धरतात. तो आग्रह देयक वाढविण्यासाठी नसतो, हे प्रशासन विभागाच्या वतीने आम्ही मुद्दाम नमूद करू इच्छितो.

आणखी एक सूचना. सी.टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव लगेच दिसतो. परंतु अनुमस्तिष्काभोवतीच्या जाड हाडांमुळे गुठळीने झालेली इजा सुरुवातीच्या तासांत त्यात दिसेलच असे नाही. त्यामुळे डॉक्टरांनी एम.आर.आय. सुचविल्यास, पहिली तपासणी स्वच्छ होती एवढ्यावरून ती टाळू नये. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली याची वेळ लिहून ठेवावी, रुग्णास तोंडाने काही देऊ नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सुसज्ज रुग्णालय गाठावे.

इतर कारणे

लहान मुलांत कांजिण्या किंवा तत्सम विषाणूजन्य आजारानंतर चालणे अकस्मात डगमगू लागते. तपासणी आवश्यक असली तरी बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. याउलट, मूल सकाळी उठताच डोके दुखल्याची तक्रार करीत असेल, ओकाऱ्या होत असतील आणि चाल बिघडत चालली असेल, तर पोटाच्या औषधांवर न थांबता मेंदूची तपासणी करून घ्यावी. बालवयातील मेंदूच्या गाठींपैकी अनेक गाठी याच कप्प्यात उद्भवतात.

अपस्मारावर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनसारख्या औषधाची मात्रा रक्तात वाढल्यास झोकांड्या जाऊ लागतात. असे झाल्यास औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. अकस्मात बंद केल्यास झटके बळावतात. वर्षानुवर्षांच्या अतिमद्यपानाने अनुमस्तिष्काचा मधला पट्टा झिजतो आणि चाल बिघडते. मद्य वेळीच सोडले आणि आहारातील जीवनसत्त्वांची उणीव भरून काढली, तर ही झीज थांबण्याची आशा असते. काही कुटुंबांत अनुवंशाने येणारे, हळूहळू वाढणारे विकारही आढळतात. त्यांपैकी फ्रीड्राइश यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारावरील पहिल्या औषधास अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. अशा कुटुंबांनी लज्जेपोटी आजार दडवू नये. जनुकीय समुपदेशनाचा लाभ घ्यावा.

पुनर्वसन : सरावाची जमा

जो अवयव सरावातून शिकवितो, त्याच्याच आजारावर सराव हा उपाय असावा, हे विसंगत वाटेल. पण अनुमस्तिष्काचा उरलेला निरोगी भाग आणि मेंदूचे इतर भाग शिकत राहतात; केवळ गती मंद असते. स्विस वैद्य फ्रेंकेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चालीतील विसंगतीवर आखलेले व्यायाम आजही वापरले जातात. जमिनीवर आखलेल्या खुणांवर पाऊल टाकणे, मोजून व सावकाश हालचाल करणे, डोळ्यांनी पाऊल पाहत चालणे, असे त्यांचे स्वरूप असते. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हळूहळू वाढणाऱ्या अनुमस्तिष्क-विकाराच्या रुग्णांनाही चार आठवड्यांच्या नियमित व्यायामाने तोल व चाल यांत लाभ झाल्याचे दिसले. तो लाभ टिकविण्यासाठी घरी व्यायाम चालू ठेवणे आवश्यक ठरते.

घरातही थोडे बदल करावेत. स्नानगृहात पकडण्यासाठी दांडा, पायाखाली न सरकणारी चटई, रात्री मंद दिवा, जड बुडाचा पेला आणि घट्ट बसणाऱ्या पट्ट्यांची पादत्राणे एवढ्याने पडण्याचे अनेक प्रसंग टळतात. रुग्ण बोलत असताना त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. त्यास वेळ द्यावा. चालताना त्याच्याशी गप्पा मारू नयेत, कारण त्याचे चालणे हेच त्या क्षणी त्याचे विचारपूर्वक चाललेले काम असते.

समारोप

नव्या यंत्रासाठी देणगी मागणे सोपे असते. यंत्राचे छायाचित्र अहवालात छापता येते, त्यावर नामफलक लावता येतो. भौतिकोपचार विभागात समांतर दांड्यांमधून रुग्णास रोज दहा पावले चालवून घेणाऱ्या उपचारकाचे वेतन, किंवा महिनाभर व्यायामासाठी ये-जा करणाऱ्या गरीब रुग्णाचे प्रवासभाडे, यांवर नामफलक लागत नाही. आमच्या ताळेबंदात या रकमा ‘इतर खर्च’ या शीर्षाखाली लहान अक्षरांत येतात. अनुमस्तिष्काचा अभ्यास करताना आम्हांस या शीर्षाचे मोल नव्याने कळले. देहातही हुकूम देणारा अवयव सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवसरात्र तफावत भरून काढणारा मात्र तो असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की देणगी देताना या न दिसणाऱ्या खर्चाचे स्मरण ठेवावे. आणि घरात, शेजारी किंवा रस्त्यात कोणी अकस्मात झोकांड्या खाऊ लागला, तर त्याने काय घेतले असेल याची चर्चा न करता प्रथम त्यास धरून बसवावे, घड्याळ पाहावे आणि रुग्णालयाकडे निघावे.